सगळ्यांना हाच करार

आमच्या घरात आलेला कुठलाही कागद आधी उजेडात धरला जायचा. लाइटचं बिल असो, लग्नाची पत्रिका असो, नाहीतर माझ्या शाळेतून आलेली सहलीची चिठ्ठी असो, आबा तो घेऊन पुढच्या खोलीच्या खिडकीशी जायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि कागदाच्या आरपार बघायचे. मग वाचायला सुरुवात. खालची बारीक अक्षरं आधी, वरची मोठी नंतर. सहलीच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, की वाटेत काही झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. त्यातल्या 'काही'मध्ये काय काय येतं, असं आबांनी मुख्याध्यापिकाबाईंना लिहून विचारलं. उत्तर येईपर्यंत सहलीची बस पन्हाळ्याला जाऊन परत आली होती. मी घरीच राहिले. त्या दिवशी आईने माझी समजूत काढायला कांदाभजी केली आणि आबांच्या ताटात एकही वाढलं नाही.

आबा म्हणजे माझे वडील. कोल्हापुरातल्या एका लॉ कॉलेजात ते आंतरराष्ट्रीय कायदा शिकवत. हा विषय पोरं घ्यायची ती पास व्हायला सोपा म्हणून. राधानगरी, गडहिंग्लज, कागलकडून आलेल्या त्या पोरांना पुढे सातबारा, वाटणी आणि मारामारीचे खटले चालवायचे होते. दोन देशांनी एकमेकांशी कसं वागावं याच्याशी त्यांना काय देणंघेणं असणार? पण आबा असे शिकवायचे, की जणू उद्याच यांतला एखादा उठून परदेशात तह करायला जाणार आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की कायद्याने जगातले सगळे देश सारखे. लहान देशाची सही आणि मोठ्या देशाची सही एकाच वजनाची. पण लहान देश सही करतो तेव्हा त्याच्या बंदरात कुणाची तरी युद्धनौका उभी असते, किंवा त्याच्या गोदामातलं धान्य संपलेलं असतं. खाणी लिहून दिल्या जातात, बंदरं लिहून दिली जातात, आणि पुढे कुणी तक्रार केली की न्यायाधीश म्हणतात, तुम्ही राजीखुशीने सही केली होती. या राजीखुशीवर आबा माझ्या जन्माआधीपासून एक पुस्तक लिहीत होते, इंग्रजीत. आपल्याकडच्या प्रकाशकांनी त्याला हात लावला नव्हता. आबांना संशयामुळे हा विषय सापडला, की विषयामुळे संशयाची सवय लागली, हे मला अजूनही सांगता येत नाही.

संशयाला खतपाणी घालणारा दुसरा माणूस म्हणजे बापूमामा, आईचा भाऊ. त्याची शाहूपुरीत गुळाची अडत होती. शेतकऱ्याचा गूळ व्यापाऱ्याला विकून द्यायचा, हा धंदा. वरून सोन्यासारखी दिसणारी ढेप आतून काळी निघते हे त्याने इतक्या वेळा पाहिलं होतं, की सुरी खुपसून आतला गूळ जिभेवर ठेवल्याशिवाय तो भावाचं बोलायचा नाही. माणसांच्या बाबतीतही त्याची रीत हीच होती. फक्त सुरीच्या जागी प्रश्न असायचे, आणि ते तो मोठ्याने विचारायचा.

घर राजारामपुरीत, एका गल्लीच्या तोंडाशी. समोर दातांचा दवाखाना, वर शिकवणीचा वर्ग, दिवसभर लुना आणि स्कूटरची ये-जा. घरातला आवाज मात्र एकच, टाइपरायटरचा. मी कोपऱ्यावरच्या टायपिंग क्लासला जाऊन परीक्षा पास झाले होते, आणि मॅट्रिकनंतरच्या त्या सुट्टीपासून आबांच्या पुस्तकाची टायपिस्ट झाले. कोरा कागद, कार्बन, खाली पातळ कागद. मूळ प्रत आबांच्या टेबलावर, कार्बनची प्रत पुढच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात. मला अर्धं कळायचं नाही. पण 'समानता' या अर्थाचा इंग्रजी शब्द माझ्या बोटांना इतका पाठ झाला होता, की तो आला की मशीन आपोआप पळायचं. पुढे मी कोर्टात स्टेनो म्हणून नोकरी केली, चांगली केली. पण तसा वेग पुन्हा कधी आला नाही.

संध्याकाळी आबा दूध आणायला गंगावेशीला जायचे, आणि स्कूटरवर मागे मी, मांडीवर बरणी. गल्लीत दारावर दूध येत होतं, पण ते आधी काढलेलं, म्हणून आबांच्या लेखी ते दूधच नव्हतं. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि गवळी तुमच्या डोळ्यांसमोर धार काढून देतो. आमचा म्हादबा गवळी धार काढायला बसण्याआधी भांडं उचलायचा, गिऱ्हाइकासमोर उपडं करायचा, बुडावर तळहाताने दोनदा थापटायचा आणि म्हणायचा, "बगा, रिकामं हाय." तळाला आधीच पाणी घातलेलं नाही, हे कळावं म्हणून. हे तो वर्षानुवर्षं येणाऱ्या गिऱ्हाइकासमोरही करायचा, आणि कुणाला त्यात अपमान वाटत नसे. आबांना हे फार आवडायचं. फेसाचा गरम पेला ओठाला लावून ते मला म्हणायचे, "मोठे देश तहाला बसतात तेव्हा हे एवढं करत न्हाईत बघ." माझ्या ओठांवर तोवर फेसाची मिशी आलेली असायची. मोठ्या देशांचं मला काय.

अशा घरात प्रोफेसर मेन्सा राहायला आले.

ते मूळचे घानाचे. नोकरीला युरोपातल्या एका विद्यापीठात. आबांचा एक लेख त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचला आणि पत्र धाडलं. तेव्हापासून दोघांची पत्रापत्री चालू होती, आणि मेन्सांच्या पत्राची सुरुवात नेहमी 'प्रिय बंधू' अशी असायची. आबांनी हे दोन शब्दही सुरुवातीला उजेडात धरून पाहिले असणार. पण हळूहळू ते त्या पत्रांची वाट बघू लागले होते. मग कॉलेजात एक परिसंवाद ठरला, मेन्सा त्याला आले आणि गेस्ट हाउसचं छप्पर उतरवलेलं असल्यामुळे मुक्काम आमच्याकडे पडला. उंच, बारीक, केसांत पांढरं, आणि आवाज इतका मऊ की बापूमामा पहिल्या भेटीतच म्हणाला, "एवढं हळू बोलणारा माणूस मला पचत न्हाय."

आईने त्या दिवशी मटणाचा बेत केला होता. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं, भाकरी, वर कांदा आणि लिंबू. परदेशी माणूस म्हणून तिने तांबड्यात तिखट निम्मं घालायचं ठरवलं होतं, पण तिच्या हाताला ते कधी जमलंच नाही. आम्ही सगळे घास थांबवून मेन्सांकडे बघत होतो. त्यांनी वाटी उचलली, तोंडाला लावली, संपवली आणि पुढे केली. ठसका नाही, डोळ्यांत पाणी नाही. त्यांच्या गावीही असंच असतं, असं ते हसून म्हणाले. आई खूश झाली. बापूमामा मात्र मागच्या पडवीत हात धुताना आबांच्या कानाशी लागला. "दाजी, जपून असा. आपला तांबडा रस्सा पिऊन ज्याच्या डोळ्यांस्नी पाणी येत न्हाय, त्यो काय साधा माणूस न्हाय."

जेवणं झाल्यावर मेन्सांनी बॅगेतून एक पाकीट काढलं. ते एका ग्रंथमालेचे संपादक होते आणि त्या मालेत आबांचं पुस्तक छापायला प्रकाशक तयार झाला होता. सोबत करार. आबांनी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं. कुणी न मागितलेलं, कुणी न वाचलेलं ते पुस्तक जगासमोर येणार होतं. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर हातात धरून उभी होती. ऐन उमेदीतली आबांची सगळी सुट्टी, सगळे रविवार त्या पुस्तकाने खाल्ले होते, आणि तिने ते खाऊ दिले होते. तिला हे पुस्तक बाहेर पडलेलं हवं होतं. मलाही हवं होतं.

आबा खिडकीशी गेले. करार उजेडात धरला. खालून वर वाचत गेले. आम्ही सुपारी चघळत बसलो होतो, आणि शेवटच्या पानाच्या वर कुठेतरी येऊन त्यांचं बोट थांबलं. ते मेन्सांकडे वळले. पुस्तकाचं जगातल्या कुठल्याही भाषेत भाषांतर करायचा हक्क कायमचा प्रकाशकाकडे जाणार, असं ते कलम होतं. आबांच्या मनात पुस्तकाचं मराठी करायचं होतं, इंग्रजीत गटांगळ्या खाणाऱ्या आपल्या गडहिंग्लजच्या पोरांसाठी. या कलमामुळे त्यांना स्वतःचंच पुस्तक आपल्या भाषेत सांगायला परवानगी मागावी लागली असती.

"हे काढावं लागेल," आबा इंग्रजीत म्हणाले.

"छापील मजकूर आहे," मेन्सा म्हणाले. "सगळ्यांना हाच करार देतात. मलाही हाच दिला होता. मी सही केली."

टेबलावरची मूळ प्रत आबांनी पुढे ओढली, पहिलं पान उघडलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ मीच टाइप केली होती. मराठीत सांगायचं तर ती अशी: सगळ्यांना एकच नियम लावला, की ज्याच्याकडे आधीपासून जास्त असतं त्याला तो बरोब्बर बसतो. मेन्सांनी ती वाचली आणि मोठ्याने हसले. "म्हणजे बंधू, मी तुमच्या बंदरात युद्धनौका घेऊन आलोय?" आबा हसले नाहीत. मेन्सांचं हसू चेहऱ्यावर थोडा वेळ तसंच राहिलं, मग ते म्हणाले, की परत गेल्यावर ते प्रकाशकाशी बोलून बघतील. खात्री मात्र देत नाहीत. आणि मूळ प्रत आत्ताच त्यांच्याबरोबर दिली, तर बोलणं सोपं जाईल.

झालं. हे शेवटचं वाक्य घरात पडलं आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने ते आपापल्या परीने चावून पाहिलं. सहीच्या आधी प्रत कशाला हवी? बोलणं सोपं कुणाला जाणार? बापूमामाने निकाल देऊन टाकला. "ह्यो त्यांचाच माणूस हाय दाजी. आपल्यातला वाटावा असा बघून धाडलाय. गोरा आला असता तर तुमी दारात उभं केलं असतं का?" आबा नुसते येरझाऱ्या घालत होते. मला स्वतःचाच राग आला, ते आठवतं. मेन्सा मला आवडले होते. त्यांनी माझ्या टायपिंगचं कौतुक केलं होतं, मशीनसमोर बसून माझ्याकडून स्वतःचं नाव टाइप करून घेतलं होतं. पण बापूमामा बोलला आणि मलाही त्या मऊ आवाजाची शंका यायला लागली. संशय घरात शिरला की प्रत्येकाच्या ताटात थोडा थोडा वाढला जातो, आणि मी माझा वाटा मुकाट्याने खाल्ला.

तरीही संध्याकाळी आबा मेन्सांना गंगावेशीला घेऊन गेले. पाहुणचार पाहुणचाराच्या जागी. रिक्षाने आम्ही तिघं गेलो. म्हादबाने भांडं उपडं केलं, बुडावर दोनदा थापटलं, "बगा पावणं, रिकामं हाय," म्हणाला. मेन्सांनी विचारलं हे काय, आणि आबांनी समजावून सांगितलं. मेन्सा बराच वेळ त्या भांड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी म्हादबाला ते पुन्हा करून दाखवायला सांगितलं, आणि म्हादबाने हसत हसत पुन्हा थापटलं. धारोष्ण दुधाचा पेला त्यांनी एका दमात संपवला. येताना रिक्षात आबा आणि ते पुन्हा पहिल्यासारखे बोलत होते.

दुसऱ्या दिवशी बापूमामा त्यांना जीपमधून जोतिबाला घेऊन गेला. मामाच्या मनात काय होतं ते मला ठाऊक आहे. वाटेत त्याला प्रश्नांची सुरी चालवायची होती. ते गेल्यावर आबा काचेच्या कपाटाशी गेले. मूळ प्रत त्यांनी आदल्या रात्रीच ट्रंकेत कुलपात घातली होती; पुस्तकातलं राजीखुशीचं प्रकरण त्यांना पुन्हा वाचायचं होतं, आणि कपाटातली कार्बनची प्रत जागेवर नव्हती. आबांनी सगळं कपाट उपसलं. टेबलाखाली पाहिलं, गादीखाली पाहिलं. मला विचारलं. मी देवाशप्पथ सांगितलं, की मी तिथेच ठेवली होती. मग ते खुर्चीत बसले आणि त्यांचा चेहरा असा झाला, की मला कपाटाकडे बघवेना. पाहुण्यांची बॅग आतल्या खोलीत होती, कुलूप लावलेली. आबांनी तिला हात लावला नाही, पण तिच्यासमोर कितीतरी वेळ उभे होते. आई त्या वेळी मागे भाकऱ्या थापत होती. तिला कुणी विचारलंच नाही. आबांच्या कागदांशी तिचा काही संबंध असेल, हे आबांच्या मनात आलं नाही आणि माझ्याही आलं नाही.

दुपारी दोघं परत आले ते गुलालाने माखून. मेन्सांचा पांढरा शर्ट, केस, भुवया सगळं गुलाबी. ते लहान मुलासारखे खुशीत होते आणि देवळात कुणीतरी परक्याने आपल्याला मिठी मारली, हे पुन्हा पुन्हा सांगत होते. मामाने अडतीवरून निघताना शेलक्या गुळाची लहान ढेप पांढऱ्या फडक्यात बांधून त्यांना दिली होती, ती त्यांनी दोन्ही हातांत धरली होती. आबांनी मामाला मागे नेलं. काय झालं ते सांगितलं. मी आडून मामाचा चेहरा बघत होते. त्याला वाईट वाटलेलं दिसलं नाही, उलट बरं वाटलेलं दिसलं. आपलं अनुमान खरं ठरल्यावर माणसाला जसं वाटतं तसं. रात्री जेवताना मेन्सांनी दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना, आणि आबा दोनदा म्हणाले, बरी आहे.

सकाळी मामा त्यांना स्टेशनवर सोडायला आला. चहा झाला. मेन्सांनी बॅग पुढच्या खोलीत आणून ठेवली, आईला नमस्कार केला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. मामाने बॅग उचलल्यासारखं केलं आणि खाली ठेवली. मग त्याच्याजवळ जेवढं इंग्रजी होतं तेवढ्यात, दात दाखवत, म्हणाला, "व्हेरी हेवी हाय की, प्रोफेसर. पेपर्स?"

मेन्सांनी मामाकडे पाहिलंच नाही. ते आबांकडे बघत होते. आबांनी नाही म्हणायला हवं होतं, मामाला गप्प बस म्हणायला हवं होतं. आबा जमिनीकडे बघत राहिले. मेन्सांनी तेवढ्यावरून ओळखलं. त्यांनी गुडघे टेकले, बॅगेचं कुलूप काढलं, ती दोन्ही हातांनी उचलली आणि आमच्या पुढच्या खोलीच्या फरशीवर उपडी केली. शर्ट, औषधाच्या बाटल्या, दाढीचं सामान, बायकोसाठी घेतलेली चप्पल, जोतिबाला गुलाबी झालेला तो शर्ट, सगळं घरंगळत बाहेर आलं. शेवटी गुळाची ढेप आदळली आणि तिचा एक टवका उडून माझ्या पायाशी आला. मग त्यांनी बॅग तशीच उपडी हवेत धरली आणि तिच्या बुडावर तळहाताने दोनदा थापटलं. कागद एकही नव्हता.

समोरच्या दवाखान्यातलं दात कोरायचं मशीन तेवढं ऐकू येत होतं. आणि मग आई आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पिठाने पांढरी झालेली पिशवी होती आणि पिशवीत ती प्रत. तिने ती आबांच्या हातात दिली नाही, मेन्सांसमोर धरली. "म्या ठेवलतं. जोंधळ्याच्या पिठाच्या डब्यात," ती म्हणाली. "करार हुईपत्तोर पावण्यांच्या हाती लागायला नगो म्हणून. ह्यांस्नी सांगितलं असतं तर ह्यांनी भिडंपायी काढून दिलं असतं." आणि माझ्याकडे वळून, "सांग त्यांना. इंग्रजीत सांग. चूक माझी हाय म्हणून सांग."

मी सांगितलं. माझं इंग्रजी टाइप करण्यापुरतं होतं, तोंडाने बोलताना ते मोडत होतं. मेन्सांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आईला ते म्हणाले, "तुमच्या जागी माझी आई असती तर तिनेही हेच केलं असतं." आणि ते खरंच तसं म्हणत होते, त्यांच्या आवाजात राग नव्हता. मग तिच्या हातातली पिशवी घेऊन त्यांनी ती आबांच्या हातात दिली. "माझा एकच प्रश्न आहे. तुमच्या पुस्तकात मी कुठल्या प्रकरणात येतो?"

जगातल्या एवढ्या तहांना ज्यांच्याजवळ उत्तर होतं, ते माझे वडील पिठाने माखलेली पिशवी हातात घेऊन तसेच उभे राहिले. मला त्यांची लाज वाटली आणि त्यांची दयाही आली, दोन्ही एकाच वेळी. मेन्सांनी सामान पुन्हा भरलं. एकेक शर्ट घडी करून भरला. गुळाची ढेप त्यांनी उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, आणि ती तिथेच राहिली. मामाच्या जीपमध्ये ते बसले नाहीत. कोपऱ्यावरून रिक्षा केली.

तो गूळ आमच्या घरात कुणी खाल्ला नाही. आईने उडालेला टवकासुद्धा फडक्यात पुन्हा बांधला आणि ढेप एका डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवली. मुंग्या येऊ नयेत म्हणून डबा पाण्याच्या ताटलीत. बापूमामा बरेच दिवस आला नाही, आणि आला तेव्हा त्याने फळीकडे एकदा पाहिलं आणि नेहमीपेक्षा हळू बोलला. आबा लिहीत नव्हते. माझं मशीन झाकून ठेवलं होतं. पत्र यायची वेळ झाली की आबा दारात जाऊन उभे राहायचे आणि पोस्टमन गेला की आत यायचे.

बऱ्याच महिन्यांनी पाकीट आलं. करार तोच, छापील. पण भाषांतराच्या कलमावर काळ्या शाईने आडवी रेघ मारलेली, आणि रेघेशेजारी समासात प्रकाशकाची सही. सोबत मेन्सांच्या दोन ओळी. सुरुवात 'प्रिय महोदय' अशी. आबांनी ते दोन शब्द वाचले आणि चष्मा काढून पुसला. मग करार घेऊन खिडकीशी गेले.

ते दिवसभर खिडकीशी होते. कलम काढलं, मग त्याच्या बदल्यात दुसरीकडे काय घातलं? एवढ्या सहज कसं काढलं? समासातली सही खरी कशावरून? पहिला करार आणि हा करार शेजारी ठेवून त्यांनी एकेक शब्द ताडून पाहिला. मामाला बोलावणं गेलं, मामाने पण पाहिलं. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं तरी पाहिलं. "रेघ जरा वाकडी हाय," तो म्हणाला. आबांनी पेनाला टोपण लावलं. मला कळून चुकलं, की आता हे सही करणार नाहीत. उद्या बघू म्हणतील, मग परवा, आणि पुस्तक कपाटात राहील.

आई कणीक मळत होती. तशीच कणकेच्या हातांनी बाहेर आली.

"भांडं उपडं करून दाखवलं की त्यानं," ती आबांना म्हणाली. "तुमच्या फुडं, तुमच्या घरात. बूडबी थापटून दाखवलं. आता आनि काय म्हशीच्या पोटात शिरून बघणार हाईसा?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं. टोपण काढलं आणि सही केली. हात धुऊन आईने फळीवरचा डबा खाली काढला. "ह्यो बी धाडा संगं. त्येचा त्येला जाऊ दे." फडकं तेच ठेवलं, वर दुसरं शिवलं, लाखेने बंद केलं. मी पत्ता टाइप केला. आत आबांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी घातली. त्यात काय लिहिलं ते त्यांनी मला दाखवलं नाही, टाइप करायलाही दिलं नाही. पोस्टात दोन्ही एकाच दिवशी टाकली, करार विमानाने आणि गूळ बोटीने.

पुस्तक निघालं. जाड पुठ्ठ्याचं, निळं, आणि इतकं महाग की आबांच्या कॉलेजच्या लायब्ररीलाही ते घेता आलं नाही. मराठीतलं आबांनी नंतर स्वतः केलं, मीच टाइप केलं, शाहूपुरीतल्या एका छापखान्यात छापलं आणि गडहिंग्लजची पोरं ते परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचू लागली. त्या कलमावरची ती आडवी रेघ नसती तर हे झालं नसतं. हल्ली माझ्या फोनवर काहीही उघडलं की आधी लांबलचक मजकूर येतो आणि खाली 'मान्य आहे' असं बटण. मी तो वाचत बसते. माझा मुलगा म्हणतो, "आई, कशाला वाचतेस? सगळ्यांना सारखंच असतं ते." मी आणखी सावकाश वाचते. मेन्सांची पत्रं पुढेही कामापुरती येत राहिली, सगळी 'प्रिय महोदय'. ते कोल्हापूरला पुन्हा आले नाहीत.

हे सगळं पुढचं. करार धाडला तेव्हा तो पोचल्याची पोच लगेच मिळाली होती. गुळाचं काहीच कळलं नव्हतं. आम्ही धरून चाललो होतो, की तो पोचला असेल आणि त्यांनी मुद्दाम काही लिहिलं नसेल. मग काही महिन्यांनी एका सकाळी पोस्टमनने पार्सल आणून दिलं. वरचं फडकं काळपट, कोपऱ्यातून पाक पाझरून वाळलेला, त्यावर ओळखू न येणारे परक्या देशाचे शिक्के. तिकडच्या बंदरावरच्या जकातवाल्यांनी ते पुढे जाऊच दिलं नव्हतं. सोबत एक छापील चिठ्ठी होती. आबा सवयीने तिला खिडकीशी घेऊन गेले, खालून वाचायला लागले आणि थांबले. मग त्यांनी ती आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली. असे खाद्यपदार्थ देशात आणायला मनाई आहे. हा नियम सर्व देशांतून येणाऱ्या मालाला सारखाच लागू आहे.

आबा हसायला लागले. मेन्सा गेल्यापासून ते पहिल्यांदा हसत होते. खिडकीचा गज धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि ते पाणी हसणं थांबल्यावरही थांबलं नाही. आईने पार्सल उसवलं. आत आबांची चिठ्ठी तशीच होती, गुळाला चिकटलेली, अक्षरं पाकात विरघळून गेलेली. आईने ती अलगद सोडवून बाजूला ठेवली आणि सुरीने ढेपेचा तुकडा काढला.

"आता ह्यो कुणाचाच न्हाय," ती म्हणाली. "च्या करतो."

गूळ जुना; गंगावेशीचं दूध घातल्याबरोबर चहा फाटला. आम्ही तिघांनी तो तसाच प्यायला.